बोन स्कॅन : हाडाची साक्ष आणि तिचा अर्थ

श्रावण लागण्याच्या आठवड्यातील गोष्ट. शेजारच्या काकू संध्याकाळी आमच्याकडे आल्या, घडी घातलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "हे वाच आणि मला खरे काय ते सांग. मुलगा काही नीट सांगत नाही." कागद अस्थिरोगतज्ज्ञांचा होता. त्यावर एवढेच लिहिले होते : थ्री-फेज बोन स्कॅन, न्यूक्लिअर मेडिसिन विभाग.

काकूंचे वय 69. चौदा महिन्यांपूर्वी त्यांचा डावा गुडघा बदलण्यात आला होता. पहिले आठ-नऊ महिने उत्तम गेले. त्या जिना चढू लागल्या, सकाळी मंदिरात पायी जाऊ लागल्या. पुढे हळूहळू त्याच गुडघ्यात आणि मांडीच्या पुढील बाजूस दुखू लागले. बसल्या जागेवरून उठल्यावर पहिली चार पावले टाकणे कठीण जाऊ लागले. एक्स-रेमध्ये कृत्रिम सांधा जागच्या जागी दिसत होता, तरी दुखणे थांबत नव्हते. म्हणून डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली होती.

त्या एका ओळीने घरात दोन भीती एकदम शिरल्या. पहिली 'न्यूक्लिअर' या शब्दाची. दुसरी अधिक खोल होती. नात्यातील एका गृहस्थांचे असेच स्कॅन कर्करोगाच्या आजारात झाले होते, हे काकूंना पक्के आठवत होते. "मला तोच आजार आहे आणि तुम्ही सगळे लपवता आहात," असे त्यांच्या मनाने घेतले होते.

सांधेरोपण आता आपल्या बहुतेक कुटुंबांत कोणाचे ना कोणाचे झालेले असते. त्यामुळे हा कागद उद्या आपल्यापैकी कोणाच्याही हाती येऊ शकतो. तो आल्यावर काय अपेक्षावे आणि कशाची भीती बाळगू नये, हा या महिन्याचा विषय.

एक्स-रे असताना हे कशासाठी?

एक्स-रे हाडाचा आकार दाखवितो. हाडात या क्षणी काय चालले आहे, हे त्याला फारसे सांगता येत नाही. घराच्या छायाचित्रात भिंती दिसतात, पण आत कोणी जागे आहे की नाही हे कळत नाही, तसेच हे. एमआरआय पुष्कळ काही सांगतो, परंतु धातूच्या सांध्याभोवती त्याची चित्रे बिघडतात. बोन स्कॅनमध्ये चुंबक नसतो. त्यामुळे आत धातू आहे म्हणून ही तपासणी अडत नाही. कृत्रिम सांध्याची जागा चित्रात केवळ रिकामी दिसते आणि तिच्याभोवतीच्या हाडाची हालहवाल कळते.

कर्करोगात हेच स्कॅन करतात हे खरे आहे; कारण शरीरात कुठेही हाडाची उलाढाल वाढली की ते दाखविते, मग ती वाढ कोणत्याही कारणाने असो. उंचीवरून पडल्यामुळे गेलेली बारीक चीर, झिजलेला सांधा, जंतुसंसर्ग, सैल झालेला कृत्रिम सांधा आणि कर्करोगाचा फैलाव हे सर्व प्रश्न एकाच तपासणीपुढे ठेवता येतात. काकूंच्या डॉक्टरांनी ठेवलेला प्रश्न एवढाच होता, की सांधा सैल झाला आहे काय, आणि त्यात जंतुसंसर्ग आहे काय? हे समजावून सांगितल्यावर त्यांचा अर्धा भार उतरला.

हाड दगड नव्हे

हाड म्हणजे एकदा घडलेला दगड, अशी आपली समजूत असते. ती चुकीची असल्याचे 1935 साली कोपनहेगन येथे जॉर्ज द हेवेशी आणि ओले शिव्हिट्झ या संशोधकांनी दाखवून दिले. उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन त्यांनी त्याचा माग काढला, तेव्हा हाडातील फॉस्फरसचे कण सतत बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी नवे येतात, असे आढळले. हाड रोज थोडे मोडते आणि रोज थोडे बांधले जाते. हेवेशी यांना या माग काढण्याच्या पद्धतीबद्दल पुढे 1943 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आजच्या स्कॅनचे तत्त्व तेच आहे, द्रव्य मात्र निराळे. त्यात टेक्नेशिअम या मूलद्रव्याचा उपयोग होतो. मेंडेलेयेव्ह यांनी आपल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात मँगनीजच्या खालची जागा रिकामी ठेवून तेथील अज्ञात द्रव्यास 'एका-मँगनीज' असे नाव दिले होते. त्यातील 'एका' हा आपल्या संस्कृतमधील 'एक'. ती जागा 1937 साली भरली; आणि ते द्रव्य कृत्रिम रीतीने निर्माण झालेले पहिले मूलद्रव्य ठरले. त्याला फॉस्फेटच्या जातीच्या संयुगाशी जोडून हाडांची चित्रे घेण्याची रीत 1971 मध्ये अमेरिकेत गोपाल सुब्रमण्यन आणि जॉन मॅकॅफी यांनी मांडली. आज सर्वत्र वापरले जाणारे एमडीपी हे त्याच कुळातील औषध आहे. जेथे नवे हाड बांधले जात असते आणि रक्तपुरवठा वाढलेला असतो, तेथे ते अधिक प्रमाणात जाऊन चिकटते. त्यातून निघणारे गॅमा किरण कॅमेरा टिपतो आणि ती जागा चित्रात अधिक गडद दिसते.

त्या दिवशी काय घडते

काकूंसोबत मी गेलो होतो, म्हणून क्रमाने सांगतो. अर्धा दिवस हाताशी ठेवून जावे. प्रथम हाताच्या शिरेत एक इंजेक्शन देतात. रक्त तपासणीसाठी सुई टोचावी तेवढेच ते दुखते. अंगात उष्णता पसरणे, मळमळणे असे सहसा काही होत नाही. कारण हे सीटी स्कॅनसाठी देतात ते आयोडीनयुक्त द्रव्य नव्हे.

'थ्री-फेज' म्हणजे तीन टप्पे. इंजेक्शन देतानाच रुग्ण कॅमेऱ्याखाली झोपलेला असतो. पहिल्या मिनिटभरात औषध रक्ताबरोबर गुडघ्यापर्यंत कसे पोहोचते त्याची झरझर चित्रे घेतात, हा पहिला टप्पा. पुढील काही मिनिटांत त्या भागातील मऊ पेशींत रक्त किती साचले आहे ते पाहतात, हा दुसरा. त्यानंतर बाहेर बसावयाचे. दोन ते चार तासांनी, औषध हाडात स्थिरावल्यावर, तिसऱ्या टप्प्याची चित्रे घेतात. संपूर्ण शरीराचे चित्र घ्यावयाचे असल्यास त्यास साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात. काही ठिकाणी त्यास सीटीची जोड देऊन गडद जागा नेमकी कोठे आहे हे पाहतात. त्याचा वेळ वेगळा लागतो.

कॅमेरा शरीराच्या फार जवळ येतो, पण टेकत नाही. बंद बोगदा किंवा एमआरआयसारखा मोठा आवाज नसतो. खरी अडचण असते ती अरुंद, कठीण फळीवर निश्चल पडून राहण्याची. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, पाठ दुखत असेल, तर ते आधीच सांगावे. काकूंनी सांगितले, तेव्हा तेथील मुलीने पायाखाली उशी दिली आणि पाय हलू नये म्हणून पट्टा बांधला. दागिने, कमरेची साखळी, किल्ल्या, खिशातील नाणी दूर ठेवावीत. चित्रात त्यांची सावली पडते.

सोबत नेण्याच्या गोष्टी अशा : शस्त्रक्रियेची तारीख, सांधा सिमेंटने बसविलेला आहे की सिमेंटविना याची नोंद, जुने एक्स-रे, रक्ताचे अहवाल आणि चालू औषधांची यादी. अलीकडे पडणे झाले असेल, दात काढला असेल, दुसरा एखादा सांधा दुखत असेल, तर तेही सांगावे. या साऱ्या जागा चित्रात उमटू शकतात आणि कारण माहीत नसेल तर उगाच शंका निर्माण होते.

वेळ मात्र पाळावी. टेक्नेशिअम साठवून ठेवता येत नाही. ते मॉलिब्डेनम भरलेल्या एका पात्रातून रोज काढून घ्यावे लागते. त्या क्षेत्रातील मंडळी त्या पात्राला गंमतीने 'गाय' म्हणतात आणि काढण्याला 'दूध काढणे'. आपल्यासाठी तयार केलेली मात्रा तासागणिक क्षीण होत जाते. उशिरा पोहोचलो किंवा न कळविता गेलो नाही, तर ती वाया जाते.

पाणी आणि उपवास

या तपासणीसाठी उपाशीपोटी जावे लागत नाही. नेहमीचा नाश्ता आणि डॉक्टरांनी बंद करण्यास न सांगितलेली नेहमीची औषधे घ्यावीत. इंजेक्शननंतर मात्र भरपूर पाणी पिणे हा तपासणीचाच एक भाग आहे. हाडांनी न घेतलेले औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. पाणी प्यायल्याने चित्र स्वच्छ येते आणि मूत्राशयावर किरणांचा भारही कमी पडतो. म्हणून मधल्या तासांत चार-सहा पेले पाणी घ्यावे, वारंवार लघवीस जावे आणि शेवटच्या चित्रांपूर्वी मूत्राशय रिकामे करावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यावे लागते, त्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

येथे आपल्या घरांतील एक व्यावहारिक प्रश्न येतो. काकू चौविहार पाळतात. त्यांना दुपारी तीनची वेळ दिली होती. म्हणजे चित्रे संपेपर्यंत सूर्यास्त झाला असता आणि ज्या वेळी पाणी हवे त्या वेळी ते घेता आले नसते. विभागात दूरध्वनी करून कारण सांगितले, तर त्यांनी सकाळी साडेनऊची वेळ आनंदाने दिली. दुपारी दीडपर्यंत सारे आटोपले आणि पाणी पिण्यास पुढे चार-पाच तास मिळाले. घरून उकळलेले पाणी नेण्यासही कोणतीच हरकत नसते. उपवासाच्या दिवशी, विशेषतः पर्युषणातील सलग उपवासांत ही तपासणी ठेवू नये. बहुतेक वेळा ती चार-आठ दिवस पुढेमागे होऊ शकते. तरी पुढे ढकलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

किरणांची भीती किती बाळगावी

इंजेक्शनमुळे किरणोत्सर्ग होतो, हे लपविण्याचे कारण नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. एका बोन स्कॅनमध्ये शरीरास साधारण चार ते पाच मिलिसीव्हर्ट एवढी मात्रा मिळते. माती, अन्न आणि आकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणांची जगभरातील सरासरी वर्षाला सुमारे 2.4 मिलिसीव्हर्ट आहे. म्हणजे दोन वर्षांत निसर्ग जेवढे देतो, जवळपास तेवढे. कारण असताना घेण्यास हे प्रमाण मान्य आहे, आणि कारण नसताना केवळ समाधानासाठी घेऊ नये, इतके ते नक्कीच आहे.

टेक्नेशिअमची शक्ती दर सहा तासांनी निम्मी होते. चोवीस तासांनी मूळ शक्तीचा सोळावा भाग उरतो, आणि मूत्रावाटे गेलेला भाग धरला तर त्याहूनही कमी. म्हणून पथ्य फक्त त्या दिवसापुरते. लघवीनंतर भरपूर पाणी ओतावे, हात साबणाने धुवावेत, पुरुषांनी बसून लघवी करावी, लहान मुलांना फार वेळ मांडीवर घेऊ नये आणि गर्भवती स्त्रीपासून थोडे अंतर ठेवावे. अंथरुणावरील रुग्णाची लघवी हाताळणाऱ्याने हातमोजे घालावेत. वेगळी ताटवाटी, वेगळी खोली यांची गरज नाही. स्वतः रुग्ण गर्भवती असेल किंवा अंगावर दूध पाजत असेल, तर तपासणीपूर्वीच सांगणे आवश्यक आहे.

काकूंनी नातवाला त्या रात्री फक्त दुरून गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मांडीवर होता.

अहवाल हाती आल्यावर

आता मुख्य गोष्टीकडे येतो. शनिवारी संध्याकाळी अहवाल मुलाच्या मोबाइलवर आला. त्यात लिहिले होते, की डाव्या गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याभोवती, विशेषतः नडगीच्या बाजूस, तिसऱ्या टप्प्यात अपटेक वाढलेला आहे आणि सांधा सैल झाल्याची शक्यता विचारात घ्यावी. घरात शोककळा पसरली. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा खर्च, पुन्हा सहा महिने. रविवारी कोणी नीट जेवले नाही. काकू कोपऱ्यात बसून एकच म्हणत राहिल्या, "आता मला ते सोसणार नाही."

अपटेक म्हणजे हाडाने औषध किती ग्रहण केले ते. वाढलेला अपटेक, ज्याला 'हॉट स्पॉट' म्हणतात, एवढेच सांगतो की येथे हाड जागे आहे. ते का जागे आहे, हे तो सांगत नाही. शस्त्रक्रियेत हाड कापले जाते आणि कृत्रिम भागाशी जुळवून घेण्यासाठी ते पुढे दीर्घकाळ स्वतःला नव्याने बांधत राहते. सिमेंटने बसविलेल्या खुब्याभोवतीची ही हालचाल साधारण वर्षभरात शांत होते. सिमेंटविना बसविलेल्या सांध्यास दोन वर्षे किंवा अधिक काळ लागू शकतो. गुडघ्याच्या बाबतीत तर मुळीच न दुखणाऱ्या अनेक रुग्णांतही वर्ष उलटल्यावर अपटेक वाढलेला आढळतो, आणि नडगीच्या बाजूस विशेष. म्हणून पहिल्या वर्षा-दोन वर्षांत गडद डाग दिसणे हे एकट्याने सैलपणाचे प्रमाण ठरत नाही.

उलट बाजू मात्र दिलासा देणारी आहे. सांध्याभोवती काहीच वाढ दिसली नाही, तर सांधा सैल असण्याची किंवा त्यात जंतुसंसर्ग असण्याची शक्यता बरीच कमी होते. तीन टप्प्यांचाही काही उपयोग होतो. जंतुसंसर्गात बहुधा तिन्ही टप्पे गडद असतात, तर केवळ सैलपणात बहुधा शेवटचाच. परंतु येथे 'बहुधा' हा शब्द विसरू नये. या दोहोंची सरमिसळ होते. म्हणून ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या, जुन्या-नव्या एक्स-रेंची तुलना आणि गरज भासल्यास सुईने सांध्यातील द्रव काढून केलेली जंतूंची तपासणी यांसह स्कॅन वाचावे लागते.

याच ठिकाणी एक सावधगिरी. दुखते म्हणून घरात उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत. त्यांच्यामुळे सांध्यातील जंतू द्रवाच्या तपासणीत सापडत नाहीत आणि खरा संसर्ग लपून राहतो. ताप, गुडघा लाल व गरम होणे, जखमेतून स्राव येणे यांपैकी काही असेल, तर स्कॅनच्या तारखेचीही वाट न पाहता त्वरित डॉक्टरांना गाठावे. अशा वेळी केलेली दिरंगाई महागात पडते.

न वाचलेली ओळ

सोमवारी काकूंना घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, "काकू, जांघेत दुखते का? पायाची नखे काढताना, मोजे घालताना?" काकू थोड्या थांबून म्हणाल्या, "दुखते तर. चार महिने झाले." "मग सांगितले का नाही?" "शस्त्रक्रिया गुडघ्याची झाली. जांघेचे कशाला सांगायचे, म्हटले."

अहवालात आणखी एक ओळ होती, जी शनिवारपासून आमच्यापैकी कोणीही नीट वाचली नव्हती. डाव्या खुब्यात झिजेशी सुसंगत असा वाढलेला अपटेक, असे तीत म्हटले होते. खुब्याचे दुखणे मांडीतून गुडघ्यात उतरते, हे अस्थिरोगतज्ज्ञांस चांगले ठाऊक असते. पहिले दोन टप्पे शांत होते, सीआरपी आणि ईएसआर प्रमाणात होते, गुडघ्याच्या जुन्या आणि नव्या एक्स-रेंत फरक नव्हता. खुब्याचा एक्स-रे काढला, तर सांध्यातील फट अरुंद झालेली दिसली. शेवटी खात्रीसाठी खुब्याच्या सांध्यात बधिरतेचे इंजेक्शन दिले. तासाभरात काकू उठून चालल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हा तर दुखत नाही!" ते बधिरपण काही तासांचे होते, पण प्रश्नाचे उत्तर देऊन गेले.

आज त्यांच्या खुब्यावर व्यायाम, वजनावर नियंत्रण, हातात काठी आणि मोजके औषध असे उपचार चालू आहेत. पुढे कधी खुब्याचा विचार करावा लागेलही. पण निर्दोष गुडघा उघडण्याची वेळ टळली. प्रत्येकाची गोष्ट अशी संपत नाही. कोणाचा सांधा खरोखर सैल झालेला असतो, कोणाच्या सांध्यात संसर्ग निघतो. त्यांच्यासाठीही हीच तपासणी वेळीच वाट दाखविते आणि दुसरी शस्त्रक्रिया कशासाठी करावयाची हे आधी कळते.

म्हणून वाचकहो, बोन स्कॅनला साक्षीदार माना, न्यायाधीश मानू नका. साक्षीदार पाहिले ते सांगतो. निर्णय सर्व साक्षी ऐकून द्यावयाचा असतो. अहवाल मोबाइलवर आला, तर तो संपूर्ण वाचावा आणि डॉक्टरांची भेट होईपर्यंत त्यावरून घरात निकाल लावू नये. भेटीत तीन प्रश्न अवश्य विचारावेत : माझ्या शस्त्रक्रियेला झालेला काळ पाहता एवढा अपटेक अपेक्षित आहे काय? रक्त आणि एक्स-रे याच्याशी जुळतात काय? हे दुखणे दुसरीकडून येत असेल काय?

आणि डॉक्टरांनी न विचारता एक गोष्ट आपण सांगावी : कोठे कोठे दुखते ते सगळे. काकू आता भेटेल त्याला हेच सांगतात. "यंत्राला माझा खुबा दिसला," त्या म्हणतात, "पण तोंड मला दिले होते, ते मी चार महिने मिटून बसले."